टोपड्याचा कागद

शिवणकाम करणाऱ्या मावशींची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार. "माझा मुलगा जन्मला तेव्हा चांगला चार किलोचा होता," हे त्यांनी तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं. आता त्याच मुलाला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरूनही जेमतेम एक किलो नऊशे ग्रॅमची.

सून वॉर्डातल्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. "माझंच काहीतरी चुकलं," एवढंच ती कालपासून म्हणत होती. ते ऐकलं की मावशी हातातल्या टोपड्याच्या नाडीवर आणखी खाली वाकायच्या.

डॉक्टरीणबाई आल्या. "सोनोग्राफी ठीक होती, वारेतही दोष दिसत नाही. कधी कधी लहानखुरा बांधा घराण्यातूनच येतो. जन्मतः तुम्हा दोघांचं वजन किती होतं? तसं काही नसेल, तर मला कारण दुसरीकडे शोधावं लागेल."

"मी तीन किलोची," सून म्हणाली.

"मी चार! आईला विचारा," मुलगा म्हणाला.

सगळे मावशींकडे बघू लागले. बोलायला एरवी संधी शोधणाऱ्या मावशींनी पिशवी उचलली. "आलेच," म्हणत त्या घराकडे सुटल्या.

शिवलेल्या प्रत्येक कपड्याचा कागदी नमुना त्या तारीख घालून पत्र्याच्या डब्यात ठेवत. तळाशी मुलाच्या पहिल्या टोपड्याचा कागद होता, जन्मानंतर तिसऱ्या दिवशीचा. "हे पोर काही जगत नाही," असं तेव्हा सासरचे म्हणाले होते. लाज वाटली होती मावशींना, दुसरं काय! मग नव्या गावात बिऱ्हाड केल्यावर त्यांनी पोराचं वजन परस्पर वाढवून टाकलं.

वॉर्डात परतून त्यांनी कागद कॉटवर पसरला आणि काल नातीसाठी शिवलेलं टोपडं त्यावर ठेवलं. काठाला काठ जुळला.

"हे कुणाचं माप?" मुलाने विचारलं.

"तुझं. दिवस भरून पावणेदोन किलोचा होतास. चार किलो मी केले."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. "हे कळलं ते बरं झालं. पण लगेच निर्धास्त होऊ नका. बाळाच्या रक्तातली साखर दर तीन तासांनी बघावीच लागेल."

त्या गेल्यावर सून वळली. "आई, काल माप घेतलंत तेव्हाच ओळखलं असेल तुम्ही."

"हो."

"मी दिवसभर रडत होते. तुम्ही शेजारी बसून नाडी शिवत होतात."

मावशींनी टोपडं उचललं. सुनेने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि बाळाच्या डोक्यावर स्वतः चढवलं.