कानावरची गाठ

‘मला सुचलं’ असं म्हणणाऱ्या माणसाचा मला आधीपासूनच संशय येतो. वीस वर्षं मी मातीत डोकी घडवते आहे. कोणी येऊन कानात काही सांगून गेलं, असं एकदाही झालेलं नाही. गेली दोन वर्षं तर हातून जे झालं ते मेलेलंच झालं. नाक जागेवर, कान जागेवर आणि आत कोणी नाही. शेवटी मी ठरवलं, आणखी एकच डोकं करायचं. तेही तसंच निघालं तर ही खोली सोडायची आणि शाळेत पूर्णवेळ चित्रकला शिकवत बसायचं. मागे फिरता येऊ नये म्हणून, मातीवरून प्लॅस्टरचा साचा काढतो त्या साचेवाल्याला महिन्याभरानंतरचा शनिवारही देऊन टाकला.

खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर आहे. सकाळी शाळेत जाण्याआधी मी डोक्यावर ओलं फडकं गुंडाळते, वर प्लॅस्टिक टाकते आणि तीन वाजता येऊन काम सुरू करते. फडकं सुकलं की माती तडकते, त्यामुळे यात हयगय चालत नाही. आधीचं एक डोकं असंच भर उन्हाळ्यात तडकलं होतं आणि मी दोन दिवस जेवले नव्हते.

तर या नव्या डोक्याच्या दुसऱ्याच आठवड्यात फडकं काढलं आणि मनात पाल चुकचुकली. कानशिलं आत गेली होती. जबडा वर आवळला होता. पापण्या थोड्या खाली आल्या होत्या. मी हे केलं नव्हतं. मी सगळं पूर्ववत केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दुरुस्त करायला अंगठा टेकवला आणि तसाच थांबला, कारण समोरचा माणूस काहीतरी सोसत होता. दोन वर्षांत पहिल्यांदा आत कोणीतरी होतं. आणि ते मी केलेलं नव्हतं.

आनंद व्हायला हवा होता. मला इतका राग आला की हात धुवायचंही भान राहिलं नाही.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मी पुरावे गोळा करू लागले. पहिला पुरावा म्हणजे फडक्याची गाठ. मी टोकं कशीही खोचते. इथे चापट, नेटकी गाठ होती, बरोबर डाव्या कानावर. इतकी नेटकी गाठ आमच्या घरात एकच माणूस बांधतो. माझा नवरा इमारतींचे नकाशे काढतो आणि चपलासुद्धा भिंतीला समांतर ठेवतो. खोलीची दुसरी चावी त्याच्याकडेच होती. शिवाय लग्नानंतर एकदा माझ्या एका पुतळ्याकडे बघून तो म्हणाला होता की मान दोन अंश कललेली आहे. हे मी विसरले नव्हते.

त्याला आडून विचारलं. तो म्हणाला, डोकं छान होतंय. कधी बघितलंस, असं विचारल्यावर जरा अडखळला. बस, मला तेवढं पुरेसं होतं. मी त्याच्याकडून चावी मागून घेतली. त्याने लगेच काढून दिली. त्याचाही मला संशयच आला.

चावी माझ्या पर्समध्ये आणि डोकं तरीही रोज बदलत राहिलं. त्याच आठवड्यात साचेवाला माप घ्यायला आला आणि बराच वेळ बघत राहिला. “या वेळी जमलं तुम्हाला, ताई,” तो म्हणाला. बारा वर्षांत त्याने माझ्या कामाला बरं-वाईट काही म्हटलं नव्हतं. मी चहा विचारायचीही विसरले. ज्याच्यावर आपलं नाव घालायचं त्यातलं चांगलं तेवढं दुसऱ्याचं असेल, तर आपण कोण? माती मळणारी बाई.

बुधवारी शाळेत डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि खोलीत प्लॅस्टरच्या पोत्यांमागे जाऊन बसले. दुपारी बाराला दाराच्या कुलपात चावी फिरली. आत आली ती माझी आत्या. हातात पाण्याची बाटली.

आत्या रुग्णालयात परिचारिका होती. चौतीस वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली. दोन गल्ल्या सोडून राहते. तिने प्लॅस्टिक काढलं, सुकत आलेलं फडकं सोडवलं, भिजवून पिळलं. मग हनुवटीखालून वर आणि कपाळावरून मागे, असं ते तिने झपाझप आवळून बांधलं. डोक्याला मार लागलेल्याला बांधतात तसं.

म्हणजे कोणी काही घडवत नव्हतं. पट्टी ओल्या मातीला रोज थोडी थोडी दाबत होती. मी पोत्यांमागून उठले तेव्हा आत्या दचकली नाही. शाळा लवकर सुटली का, एवढंच तिने विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. तडकलेल्या डोक्याची धास्ती माझ्या नवऱ्याने घेतली होती. दुपारी त्याला सुटता येईना, म्हणून एकदा आत्याला खोली दाखवून तिच्यासाठी वेगळी चावी करून घेतली. मला सांगितलं नाही, कारण मी कोणाला हात लावू दिला नसता. हे मात्र खरं.

“पण गाठ कानावर का?” मी विचारलं. एवढे दिवस मला छळणारी ती गाठ.

“मागे मारली तर झोपल्यावर टोचते ना.” मग तिने विचारलं, “कोण आहे गं हा?”

“कोणी नाही.”

“कोणी नाही कसं? तीन आठवडे बांधते आहे मी याला.” ती फडक्यावरून हात फिरवत म्हणाली, “आमच्याकडे नाव-गाव नसलेला आला तरी आम्ही त्याला विचारत राहायचो. तू विचारलंच नाहीस?”

नव्हतं विचारलं. दोन वर्षांत एकाही डोक्याला विचारलं नव्हतं. याला कोणी हात लावला, एवढ्याच चौकशीत माझे आठवडे गेले होते. मला मनापासून लाज वाटली.

“तुला कोण वाटतो?” मी विचारलं.

आत्या म्हणाली, “वॉर्डबाहेर बाकावर याचं कोणीतरी थांबलंय. म्हणून ओरडत नाहीये.”

संध्याकाळी नवऱ्यापुढे चावी ठेवली आणि माझं चुकलं, असं म्हटलं. त्याने ती उचलली, पण खिशात टाकली नाही. मग म्हणाला, “मला विचारायचंस तरी.” हे मी एकाच दिवसात दुसऱ्यांदा ऐकत होते.

गुरुवारी आत्याला समोर बसवून पुन्हा पुन्हा पट्टी बांधायला लावली, आणि दोन दिवस त्या डोक्यावर फक्त तीच मातीत केली. प्रत्येक वळसा, प्रत्येक ताण. बोटं कुठे जायची ते मला विचारावंही लागत नव्हतं, कारण आता तो कोण हे मला माहीत होतं.

शनिवारी साचेवाला आला. डोक्याभोवती फिरला आणि नाराजीने थांबला. कानावरची ही मातीची उंच गाठ साच्यात अडकेल, तो म्हणाला. मागे घेतली तर काम सोपं होईल.

“मागे नको,” मी म्हटलं. “त्याला टोचेल.”