तास धरला आहे

भरतीत जेमतेम डोकं वर काढणाऱ्या त्या फ्रिशियन बेटावर गोन्केला गणिताचं वेड होतं. शाळेत ती मुलांना भरती कशी चढते ते शिकवायची: पहिल्या तासाला एक भाग, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, मग दोन, मग एक. मिळून बारा. समुद्रासारखं बेभरवशाचं जनावर आकड्यांचं ऐकतं, याचा तिला केवढा आनंद! मेंढ्यांना गवत किती, पावात मीठ किती, सगळं बोटांवर. "आकडा दगा देत नाही, माणूस देतो," असं ती म्हणायची. ते बोलणं पुढे तिच्याच अंगावर आलं.

चौदा वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, तिचा नवरा मोम्मे ओहोटीच्या चिखलातून तीन तासांची वाट चालत पलीकडच्या मुख्य किनाऱ्याकडे निघाला आणि शेवटच्या खोल ओढ्यात बुडाला. निघायची वेळ गोन्केनेच काढून दाराजवळच्या पाटीवर लिहिली होती आणि ती शाळेत गेली होती. ओहोटीचा तक्ता बारा महिने हिवाळी वेळेत छापलेला. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केली की त्यात एक मिळवावा लागतो. तो एक आपण मिळवला होता का? बातमी आली तशी ती पाटीकडे धावली आणि न वाचताच बाहीने पाटी पुसून टाकली. वाचायची भीती वाटली तिला. त्यानंतर तिने कुणालाही वेळ काढून दिली नाही.

एप्रिल लागला की दाराची कडी वाजायची. रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, बाहेर चिटपाखरू नसताना. गोन्के कान झाकून बसायची. एक दहाच का, हे गणित काही तिला सुटत नव्हतं.

यंदाच्या एप्रिलात एका सकाळी तिची लेक इन्केन धापा टाकत आली.

"आई, माझ्या ब्रोडरला तिकडे वसतिगृहात ताप भरलाय. बोटीचं इंजिन बंद पडलंय, आणि वाटाड्या ताडे पाय मोडून पलीकडच्या किनाऱ्यावरच बसलाय. मी चालत जाते. वेळ सांग."

"मला जमत नाही आता."

"तुला? सातचा पाढा चुकला म्हणून मला अंगणात उभं करणारी तू!"

गोन्केला हसू आलं नाही. पण नातवाच्या तापापुढे हट्ट कुठवर चालणार? तिने तीनदा हिशेब केला आणि पाटीवर लिहिलं: दहा वाजून पाच.

इन्केन बूट बांधत म्हणाली, "म्हणजे अकरा पाच."

"काय?"

"तास मिळवला गं. बाबा मिळवणार होते ना, तसा." इन्केन जरा ओशाळली. "ते गेले त्याच्या आदल्या सप्टेंबरात तू तास विसरली होतीस. बाबा तासभर आधीच निघाले नि अजून न ओसरलेल्या कमरेएवढ्या पाण्यात काकडले. मला म्हणाले, आईला बोलू नकोस, तिच्या गणिताला कुणी बोट लावलेलं तिला सोसत नाही. पुढच्या उन्हाळ्यापासून मीच मिळवीन."

गोन्केने विचारलं, "शेवटच्या दिवशी पाटीवर काय होतं?"

"बारा दहा. मी म्हटलं, बाबा, निघा. तर म्हणाले, अजून तास आहे, तुझ्या आईचा हिवाळा कुठे संपलाय!"

त्या दिवसाचा तक्ता गोन्केला पाठ होता. पूर्ण ओहोटी बारा चाळीसला. एक मिळवून एक चाळीस. दीड तास आधी निघायचं, म्हणजे बारा दहा. बरोबर होतं. तास तिने मिळवला होता, आणि तिचं मन राखायला म्हणून गुपचूप त्यानेही मिळवला होता. एक दहाला घर सोडलेला माणूस भरतीच्या तिसऱ्या तासात सापडला होता.

"आई, काय झालं?"

"काही नाही." लेकीच्या गळ्यात हे ओझं तिला घालायचं नव्हतं. तिने खडू घेतला आणि वेळेखाली तीन शब्द लिहिले. "वाच. मोठ्याने."

"तास धरला आहे."

"पुन्हा वाच."

इन्केन दहा पाचला निघाली. एक वाजून पाच मिनिटांनी ताडेच्या घरून तिचा फोन आला. "पोचले गं. गुडघाभरच पाणी होतं."

पाच मिनिटांनी कडी वाजली. या वेळी गोन्केने कान झाकले नाहीत. तिने दार उघडलं. बाहेर खारा वारा आणि लांबवर पसरलेला चिखल.

"मोम्मे," ती रडत म्हणाली, "तास धरला होता रे मी. आता नको निघूस. उशीर झालाय."