बाबांना विचारा

दुपारचं घर इतकं गप्प होतं की सुईत दोरा ओवताना मला माझाच श्वास ऐकू येत होता. तेवढ्यात शिलाई मशीनच्या टेबलाखालून आवाज आला. टुणुक्. जरा वेळाने पुन्हा, टुणुक्.

शिवायच्या पडद्यांच्या ढिगाला पाठ टेकून माझी लेक भिंगरी टॅबलेट घेऊन बसली होती. सात वर्षांची आहे. गेल्या काही महिन्यांत तासन्‌तास एका जागी बसायला शिकली आहे, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

"आण गं इकडे, काय सारखं वाजतंय ते?" माझी थोरली बहीण मला कापड मोजून देत होती, तिने टेप गळ्यात टाकून टॅबलेट हातात घेतला. "अगं बाई! एकशे चौदा ॲप्स? उंटाला आंघोळ घाला, टोमॅटो चिरा, ट्रक धुवा... आणि हे काय? रक्तदाबाची नोंदवही! काय आजीबाई, वरचा किती येतो तुमचा?"

भिंगरी हसली नाही.

"यातलं खेळतेस तरी कुठलं?"

"कुठलंच नाही."

"मग घेतेस कशाला?"

"घेत नाही गं मावशी, विचारते. बाबा हो म्हणतो."

तिने करून दाखवलं. निळं बटण होतं, 'बाबांना विचारा'. ते दाबलं की टुणुक्, आणि लगेच बाबाचा फोटो, शेजारी हिरवी खूण. परवानगी मिळाली.

हे सगळं त्यानेच लावून दिलं होतं, घरात होता तेव्हा. पोरीला काहीही उतरवून घ्यायचं असेल तर आधी त्याच्या फोनवर विचारणा जाणार, तो हो म्हणाला तरच पुढे. आठ महिन्यांपूर्वी तो आम्हाला सोडून गेला. दुसऱ्या गावात राहतो, दुसऱ्या कुणाबरोबर. भिंगरीला मी 'कामासाठी गेलाय' एवढंच सांगितलंय. सुरुवातीला दर रविवारी फोन करायचा. मग एक रविवार आड. आता ही लावते आणि तिकडे वाजून वाजून बंद होतो.

"त्याला बोलायला वेळ नसतो ना," भिंगरी मावशीची समजूत घालत होती. "पण हे तो लग्गेच बघतो. मी शाळेत जायच्या आधी विचारलं तरी, जेवताना विचारलं तरी."

ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "पोरीचा फोन उचलत नाही आणि याला क्षणात होकार देतो? काहीतरी गोम आहे. बघ तरी एकदा."

त्या खात्यात मीही पालक म्हणून होते, पण कधी आत शिरले नव्हते. ओट्याला टेकून माझ्या फोनवर सेटिंग उघडली. फुकटची ॲप्स: न विचारता मंजूर. खाली तारीख होती. तो गेला त्याच्या तिसऱ्या दिवसाची.

म्हणजे पलीकडे कुणी नव्हतंच. कटकट नको म्हणून एकदाच अंगठा टेकवून तो मोकळा झाला होता.

"नावच काढून टाक त्याचं," ताई दातओठ खात कुजबुजली. "तुझं घाल."

तसं करणं सोपं होतं. मी केलं नाही. 'प्रत्येक वेळी विचारा' यावर बोट ठेवलं. एक अंगठाच तर उचलायचाय, मला वाटलं, पोरीसाठी एवढं तरी करेल. राग असता तर मी नाव काढलं असतं. ही आशा होती, आणि आता तिची लाज वाटते.

बाहेर आलो तर भिंगरीने नवा खेळ शोधून ठेवला होता, घरटं बांधायचा. टुणुक्. बाबाचा फोटो आला. हिरव्या खुणेच्या जागी एक गोल चक्र फिरायला लागलं. उत्तराची वाट पाहत आहोत.

"जेवत असेल," भिंगरी म्हणाली.

मी एका पडद्याची किनार शिवून संपवली. ताई पिशवी उचलून निघाली. जाताना तिने स्वतःच्या गळ्यातला टेप काढून माझ्या गळ्यात घातला.

"गाडी चालवत असेल. गाडी चालवताना फोन बघायचा नसतो."

"हो."

खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत दाराशी गेलं. टॅबलेट मध्येच बंद पडू नये म्हणून तिने चार्जर आणून लावला आणि वायर पुरेना म्हणून भिंतीलाच चिकटून बसली. दोनदा माझा हात फोनकडे गेला. सेटिंग पूर्ववत केली की चक्र थांबलं असतं, हिरवी खूण उमटली असती, पोर हसली असती. पण मग त्याचा मुखवटा लावून मीच तिला फसवणार होते. दुसऱ्या वेळी तर मी फोन उघडलाही, आणि तसाच पालथा ठेवला.

तिने घरट्याची विचारणा रद्द केली. "हा त्याला आवडला नसेल," असं स्वतःशीच पुटपुटत दुसरा खेळ निवडला, मग तिसरा. प्रत्येकाखाली तेच चक्र. शेवटी टॅबलेट जमिनीवर ठेवून ती उठली, माझ्या मांडीवरचा पडदा बाजूला सारून तिथे बसली आणि माझ्या गळ्यातल्या टेपशी चाळा करत राहिली.

"आई," ती म्हणाली, "आज मी असं काय मागितलं?"