भावाच्या बोटाचं रक्त

गोळी सुरू केल्याच्या तिसऱ्या सकाळी रोसेंडोची बायको एल्सिरा धापा टाकत औषध-चाचणीच्या चौकीवर आली. "सिस्टर, चला लवकर! ह्यांना काळ्या कॉफीसारखी लघवी होतेय."

चौकीवरची परिचारिका निल्दा पिशवी उचलून तिच्यामागं धावली. नानाय नदीकाठच्या गावांत हिवताप बरा होऊन पुन्हा उलटे. यकृतात दडलेला जंतू मारणारी ही नवी गोळी होती; पण काही माणसांच्या तांबड्या पेशी तिनं फुटतात. म्हणून तर शहरातल्या पथकानं आधी प्रत्येकाचं रक्त तपासलं होतं. रोसेंडोचं चांगलं निघालं होतं.

तिनं गोळ्या बंद केल्या, त्याला होडीत आडवं केलं. इकितोस शहरातलं इस्पितळ चार तासांवर. रोसेंडोचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"भाऊ, खरं सांगा. रक्त तुम्हीच दिलं होतं?"

त्यानं शेजारी बसलेल्या बायकोकडं पाहिलं.

"सांगा की!" एल्सिरा ओरडली. "जीव चाललाय आणि कसली लाज?"

"धाकट्या भावानं दिलं, माझ्या नावावर," तो पुटपुटला. "एक डॉक्टर मागंच म्हणाला होता, तुझ्या रक्ताला हे औषध झेपायचं नाही. पण वर्षात पाचदा ताप, सिस्टर! लाकूडतोडीला कोण नेतंय मला?" मग त्यानं तिचं मनगट धरलं. "वर कळवू नका. चाचणी बंद पडली तर गाव मला फाडून खाईल."

वळणावर फोनला रेंज आली. गोळीची वाट बघणारी पोरंबाळं निल्दाच्या डोळ्यांपुढं आली. पण आणखी कुणी असाच भाऊ पाठवला असेल तर? तिनं प्रमुख डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

"रक्ताची सोय करतो," ते म्हणाले. "आजपासून सगळ्या गावांत गोळी बंद."

रोसेंडोनं तोंड फिरवलं.

तीन बाटल्या रक्त चढवल्यावर तो वाचला. चाचणी सात आठवडे थांबली. गावात निल्दाशी कुणी धड बोलेना. फेरतपासणीत खालच्या गावात एक बाई सापडली, बहिणीचं रक्त दिलेली. तिची गोळी दुसऱ्याच दिवशी सुरू व्हायची होती.

पुढं गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, रोसेंडो आणि ती बाई सोडून. दोन महिन्यांनी तो कुडकुडत चौकीवर आला. निल्दानं त्याला ताप तेवढा उतरवणाऱ्या जुन्याच गोळ्या दिल्या.

"तुमच्यासारख्यांचं औषध अजून सापडलं नाही, भाऊ."

"मग शोधायला सांगा की त्यांना," तो म्हणाला आणि गोळ्या गिळून बाकावर आडवा झाला.