पोच्याकडे जाणाऱ्या दोन रेषा

पत्र्याच्या भिंतीला एक पोचा, अंगठा बसेल एवढा.

फोरमनच्या भुवईवर पाच टाके.

एक नट. पान्याशिवाय हलायला नको होता, तो नुसत्या हाताने फिरला.

मंगळवारी जेवताना नवऱ्याने दोनदा मीठ मागितलं. मीठ त्याच्या समोरच होतं.

लोखंडी कव्हर, जमिनीवर, पालथं.

हे सगळं एकाच आठवड्यातलं आहे. माझा दादा एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर काम करतो. माझा नवरा तिथेच वायरमन. मी शाळेत गणित शिकवते. मंगळवारी सकाळी दादाने ग्राइंडर सुरू केला, दगडी चाकाने वेग घेतला आणि हत्यार टेकवायच्या आधीच चाकाचा एक टवका उडाला. मागच्या भिंतीवर आदळून तो उलटा आला आणि फोरमनच्या भुवईत बसला. डोळा दोन बोटांनी वाचला.

फोरमनचं म्हणणं असं की चाकावरचं कव्हर दादाने काढून ठेवलं होतं, नटही नीट आवळला नव्हता. शुक्रवारी चौकशी, ती विरुद्ध गेली तर शनिवारपासून दादा घरी.

दादा म्हणत होता, कव्हर जागेवर होतं. टवका उडाल्यावर त्यानेच ते काढलं, चाकाला तडा गेलाय का बघायला. तिथे सगळे तसंच करतात म्हणे, आधी चाक बघायचं, मग माणूस. हे ऐकून फोरमन हसला, टाके ताणले जातील इतकं.

दादाने लहानपणी माझी पट्टी मोडली होती आणि महिनाभर दोष मांजरावर ढकलला होता. तेव्हापासून त्याचं ‘मी नाही’ मी निम्म्यावर धरते. म्हणून टवका चाकाच्या कुठल्या भागातून उडाला हे काढायला त्याने भिंतीवरच्या पोच्याची आणलेली मापं मी घेतली नाहीत. बुधवारी शाळा सुटल्यावर स्वतः टेप घेऊन गेले. शिडीवर मी, टेपचं दुसरं टोक नवऱ्याच्या हातात. या पत्र्याला असे छप्पन्न पोचे आहेत, तू कुठला कुठला मोजणार, असं तो खालून म्हणत होता. पण दगडाची करडी पूड एकाच पोच्यात होती.

चाकाचा मध्य हा आरंभबिंदू.
त्रिज्या पंधरा सेंटीमीटर.
दादा उभा राहतो ती उजवी बाजू.
पोचा मध्यापासून एकशे अडतीस डावीकडे, म्हणजे मागे, आणि दोनशे नऊ वर. (−१३८, २०९).

फिरत्या चाकावरून सुटलेली वस्तू पुढे गोल फिरत नाही. ज्या बिंदूपाशी सुटली तिथे वर्तुळाला जी रेषा नुसती स्पर्श करून जाते, तिच्यावरून ती सरळ निघते. अंतर अडीच मीटर, वेग भरपूर. वाटेत ती फारशी वाकणार नाही. तेव्हा पोच्यातून चाकाला स्पर्शरेषा काढायची. ती जिथे टेकेल तिथून टवका सुटला.

गुरुवारी मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात ती काढली. चाक नेहमी दादाच्या बाजूला वरून खाली येतं आणि पलीकडे खालून वर जातं. पोचा पलीकडे आणि वर. म्हणजे टवका पलीकडूनच निघाला असणार. उत्तर आलं जवळपास (−१३, −७.५). चाकाची मागची बाजू, मध्याच्या खाली.

तिथे कव्हर असतं. ते असतं तर टवका त्यातच राहिला असता.

घंटा होईपर्यंत मी दादाला मनातल्या मनात तीनदा कामावरून काढलं.

मग फळा पुसायला गेले आणि डस्टर हातातच राहिलं. वर्गात घसा कोरडा करून जे सांगते तेच मी विसरले होते. वर्तुळाबाहेरच्या एका बिंदूतून स्पर्शरेषा दोन निघतात. मी दुसरी काढलीच नव्हती.

दुसरं उत्तर: (१२, ९). रेषा 4x + 3y = 75. ताळा केला. बारा चोक अठ्ठेचाळीस, नऊ त्रिक सत्तावीस, पंच्याहत्तर. पोच्याचे आकडे घातले, तिथेही पंच्याहत्तर.

बारा उजवीकडे, नऊ वर. दादाच्या समोर, जिथे काम करता यावं म्हणून कव्हर उघडंच असतं. तिथून टवका पोच्यापर्यंत जाऊ शकतो, फक्त चाकाची समोरची बाजू खालून वर जायला हवी. चाक उलटं फिरायला हवं.

नटाचे आटे असे असतात की चाक नेहमीच्या बाजूला फिरलं तर तो आवळला जातो. उलटं फिरलं तर सैल पडतो. नट सैल पडला की चाक डगमगणार, कुठेतरी घासणार, टवका उडणार. आणि मोटर उलटी कधी फिरते हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात मोठ्या कौतुकाने समजावलं गेलं होतं. तीन वायरींपैकी दोन एकमेकींच्या जागी लागल्या की.

ग्राइंडरची जळालेली मोटर सोमवारी दुरुस्त होऊन आली होती. जोडली माझ्या नवऱ्याने.

संध्याकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना त्याला विचारलं, “सोमवारी जोडल्यावर फिरवून पाहिलीस?”

“पाहिली की.”

“कुठल्या बाजूला फिरली?”

“मास्तरीणबाई, आता मोटरचीही परीक्षा का? सरळ फिरली.”

आणि तो हात धुवायला गेला. हात तो आल्या आल्या धुऊन बसला होता.

शुक्रवारी मी वही फोरमनच्या टेबलावर ठेवली. दादा होता, नवराही होता. फोरमनने दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, मला वहीतलं कळत नाही, मोटर चालवून दाखवा. चाक काढलेलंच होतं. मोकळ्या दांड्यावर खडूचा ठिपका दिला आणि बटण क्षणभर दाबलं. ठिपका समोरून खाली गेला.

सरळ.

दादाने माझ्याकडे बघितलं, लहानपणी मांजराकडे बघायचा तसं.

मी भिंतीकडे बघितलं. पोचा होता तिथेच होता. फोरमन मात्र वाकून मोटरच्या बगलेतली वायरींची डबी बघत होता. मोटरवर सगळीकडे करडी धूळ बसली होती, डबीच्या झाकणावर नव्हती. झाकणाच्या चारही स्क्रूंच्या खाचा चकचकीत होत्या.

“हिला हात कधी लावलास?” त्याने नवऱ्याला विचारलं. आवाज चढवला नाही.

नवरा खिशातला टेस्टर काढत राहिला, घालत राहिला. “बुधवारी,” तो म्हणाला. “ही मापं घेऊन घरी गेली, त्यानंतर.”

मग दादा म्हणाला, “जावईबापू, माझी नोकरी गेली असती तर मी जेवायला तुमच्याच घरी आलो असतो ना.”

फोरमनने अहवालातलं दादाचं नाव खोडलं आणि वर नवऱ्याचं लिहिलं. पेन माझं होतं.

घरी जाताना नवरा चार पावलं पुढे चालत होता. मी मापं घ्यायला गेलेच नसते तर तू बोलला असतास का, एवढंच मला विचारायचं होतं. फाटकापर्यंत विचारलं नाही. फाटक त्याने माझ्यासाठी उघडं धरलं, तेव्हाही नाही.

सोमवारी मोटर जोडून झाली तेव्हा वीज गेलेली होती. ती आली वर्कशॉपला कुलूप लागल्यावर.