पखालीचं पाणी

सिरसाळ्याहून निघताना विजयमालानं गाडीत काय काय भरलंय ते बघून तिचा नवरा शिवशंकर म्हणाला, "बीडला जाऊन यायचंय का मुक्काम ठोकायचाय?"

रेवाची टोपी, ती हरवली तर दुसरी टोपी, तापाचं औषध, खरचटल्याचं मलम, उकळून गार केलेलं पाणी. पिशवीचा बंद धड लागत नव्हता.

"पोरगी तीन वर्षांची आहे," विजयमाला म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी."

मागच्या सीटवर बायनाबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या नुसत्या हसल्या. सासूबाईंचं हे न बोलता हसणं विजयमालाला फार लागायचं.

त्यांच्या घराण्यात एक रीत होती. लेकराला तीन वर्षं पुरी झाली की त्याला बीडच्या लढाईच्या माळावर न्यायचं आणि भांडंभर पाणी हातात देऊन सोडायचं. माळाच्या या टोकाला विहीर, त्या टोकाला दगड. विहिरीचं पाणी दगडापर्यंत लेकरानं एकट्यानं पोचवायचं. कुणी शिवायचं नाही, हाक मारायची नाही. त्या दगडावर कोरलेला माणूस म्हणजे त्यांचा मूळपुरुष. इतरांच्या घराण्यातले पूर्वज तलवारी घेऊन लढले, यांचा मात्र पाठीवर पाण्याची कातडी पखाल घेऊन माळभर हिंडला आणि पाणी पाजता पाजताच पडला. तो कुणाच्या बाजूचा होता यावर घरात दोन मतं होती. बायनाबाई म्हणत पेशव्यांच्या, चुलतसासरे म्हणत निजामाच्या. दोन्हीकडचे लोक पाणी प्यायले, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं. लेकराला नाही जमलं तर पुढच्या वर्षी पुन्हा आणायचं. कोप नाही, नवस नाही. शिवशंकरनं स्वतःच्या वेळी पाणी एका म्हशीला पाजलं होतं आणि त्याला दोनदा यावं लागलं होतं.

विजयमालाचा रीतीला विरोध नव्हता. पण रेवा सातव्या महिन्यातली. जन्मल्यावर महिनाभर काचेच्या पेटीत होती, चालायला लागली तीही उशिरा. तेव्हापासून विजयमालाचा एक डोळा कायम तिच्यावर. एम.एस्सी. झालेली बाई, पण पोरगी शिंकली की हातातलं काम टाकून उठायची. यंदा जूनमध्ये रेवाला बालवाडीत घालायचं घरात ठरत होतं आणि ही एकटीच "एक वर्ष थांबू या" म्हणत होती.

शेवटी बायनाबाईंनीच तोडगा काढला. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "माला, असं कर. पोरीनं पाणी पोचवलं तर जूनला शाळंत. न्हाई पोचवलं, तर ऱ्हाऊ दे वरीसभर तुझ्या पदराला. मी चकार शब्द बोलायची न्हाई."

"चालेल, आत्या," विजयमाला लगेच म्हणाली. जी पोरगी अंगणातून फाटकापर्यंत आईचं बोट सोडत नाही, ती आख्खा माळ काय पार करणार! हरायची तिला बिलकूल भीती नव्हती.

माळ सापडायलाच वेळ लागला. चारी बाजूंनी इमारती, एका अंगाला मंगल कार्यालय, दुसऱ्या अंगाला स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आणि तिच्या तळमजल्यावर जिम. मधे तारेच्या कुंपणात उरलेला मोकळा तुकडा. लढाईची माहिती देणारी पाटी होती, पण तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यातून लढाईचं फक्त साल डोकावत होतं.

"माझं लगीन झालं तवा हितून पाली गावाकडचे डोंगर दिसायचे," बायनाबाई गाडीतून उतरत म्हणाल्या. "आता बघ, निस्त्या टाक्या." खरंच, आभाळाच्या कडेनं गच्च्यांवरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या रांगेनं बसल्या होत्या.

विहीरही नव्हती. ती बुजवून तिच्यावर एका अपार्टमेंटचं पार्किंग झालं होतं. तळमजल्यावर राहणाऱ्या सारजाबाई नावाच्या बाईंनी यांना घुटमळताना पाहिलं आणि खिडकीतूनच विचारलं, "पाणीवाले का? मागच्या साली बी एक जण आलते, वडवणीकडचे. या, त्यो नळ विहिरीच्याच बोअरचा हाय."

"पिण्याचं आहे का?" विजयमालानं विचारलं.

"गाड्या धुतेत त्यानं. प्यायचं कावून? लागत असलं तर फिल्टरचं देते की मी."

"फिल्टरचं न्हाई चालत," बायनाबाईंनी निकाल दिला. "त्याला काय होतंय? दगडाला पाजायचंय."

नळावर भरून घेतलेलं स्टीलचं फुलपात्र माळाच्या कडेला रेवाच्या दोन्ही हातांत दिलं. बायनाबाई तिच्यासमोर बसल्या. "त्यो दगड दिसतो का, सोने? त्या बाबाला लई ताहान लागली हाय. त्याला पाणी दिऊन ये."

रेवानं दगडाकडे पाहिलं, मग आईकडे. आई कुंपणाला टेकून उभी. मग पुन्हा दगडाकडे. आणि निघाली.

विजयमालानं कुंपणाचा टेका सोडला. पोरगी खरंच निघाली होती.

माळावर पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी गोल चकरा मारत पळत होती. रेवा नेमकी त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिली. विजयमालाचं पाऊल उचललं, पण पुढच्या उंच मुलीनं हात वर केला आणि सगळी रांग धापा टाकत जागच्या जागी थांबली.

"मॅडम, पुढं व्हा," एक जण रेवाला म्हणाला.

"वनमाला, थांबलीस कावून? टाइम चाललाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

"व्हीआयपी क्रॉस करायलेत, दिसत न्हाई का बे?" उंच मुलगी म्हणाली. रेवानं फुलपात्रावरची नजर न हलवता रस्ता ओलांडला. पळायचं सोडून सगळे तिथंच बघत उभे राहिले. अभ्यासिकेच्या खिडक्यांतही डोकी दिसायला लागली.

पुढं एक शेळी आडवी आली. शिवशंकर पुटपुटला, "आता संपलं. म्हशीवर मी गेलो, शेळीवर ही जाणार." रेवा थांबली, शेळीनं मान पुढं केली, रेवानं फुलपात्र छातीशी धरलं आणि शेळीला स्पष्ट सांगितलं, "तुझं नाई."

"बापापरीस हुशार हाय," बायनाबाई म्हणाल्या.

विजयमालाला हसू आलं. अर्धा माळ संपला होता.

आणि मंगल कार्यालयात डीजेवाल्यानं आवाज तपासायला एकदम धडाका लावला.

आजूबाजूच्या काचा थरथरल्या. शेळी उधळली. रेवा जागेवर गोठली. आवाजाला ती घरीही भ्यायची. सिरसाळ्यात वरात दारावरून गेली की ती आईच्या मांडीत तोंड खुपसायची. आता तिनं वळून आईकडे पाहिलं. ओठ वाकडा झाला होता, फुलपात्रातलं पाणी हिंदकळत होतं.

विजयमालाचे हात आपोआप वर आले. शिवायचं नव्हतं, हाकही मारायची नव्हती. पण हात पसरायला कुणी मना केलं होतं? नुसते पसरायचे. पोरगी धावत येईल, पाणी सांडेल आणि एक वर्ष मिळेल. आख्खं वर्ष.

तिनं बायनाबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्या मान वळवून मुद्दाम दुसरीकडे, टाक्यांकडे बघत होत्या.

रेवा अजून रडली नव्हती. ती वाट बघत होती. आई आता काय करते, एवढंच बघत होती.

विजयमालानं वर आलेले हात तसेच मागं घेतले आणि दोन्ही तळवे आपल्याच कानांवर घट्ट दाबले. डोळे मोठ्ठे केले, गाल फुगवले. घरी वरात गेली की दोघी करायच्या तसंच.

रेवानं पाहिलं. हात तर तिचे दोन्ही गुंतलेले. क्षणभर ती विचारात पडली. मग खाली बसली, फुलपात्र मातीत नीट टेकवलं, हलत नाही ना ते बघितलं आणि दोन्ही कान झाकून तिथंच बसून राहिली. भरतीच्या पोरापोरींनीही कान झाकले. डीजे आणखी थोडा वेळ गरजला आणि थांबला. रेवानं एक कान उघडून खात्री केली, मग दुसरा. फुलपात्र उचललं आणि चालू लागली.

"हा इशारा झाला बरं का," शिवशंकर हळूच म्हणाला. "तू स्वतःच स्वतःला हरवलंस."

"गप बसा हो तुम्ही," विजयमाला म्हणाली. तिला पुढचं नीट दिसत नव्हतं. डोळे पुसायला पदर हाताला सापडत नव्हता.

दगड रेवापेक्षा थोडाच उंच होता. त्याच्यावरचा माणूस झिजून गुळगुळीत झाला होता, पाठीवरची पखाल तेवढी ओळखू येत होती. रेवानं टाचा उंच करून फुलपात्र त्याच्या तोंडाला लावलं. "पी," ती म्हणाली. पाणी त्याच्या छातीवरून ओघळलं. माळभर शिट्ट्या आणि टाळ्या झाल्या, अभ्यासिकेतून कुणीतरी बाक बडवला.

तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. रेवानं आत डोकावून पाहिलं आणि फुलपात्र स्वतःच्या तोंडाला लावलं.

"अगं अगं अगं! बोअरचं आहे ते!" विजयमाला जी सुटली, ती भरतीच्या पोरींना मागं टाकत थेट दगडाशी पोचली. तोवर घोट पोटात गेला होता. वनमाला हसत हसत खालीच बसली. "ताई, तुम्ही भरतीचा फॉर्म भरा! पळायचं ग्राउंड तुमचं निघतंय बघा."

विजयमालानं रेवाला उचलायला हात पुढं केले. रेवानं तिच्या हातात रिकामं फुलपात्र दिलं आणि पुन्हा पळायला लागलेल्या वनमालाच्या रांगेमागोमाग गाडीच्या दिशेनं चालू लागली. मधूनच ती त्यांच्यासारखी गुडघे उचलून पळायची, मधूनच थांबायची.

बायनाबाई सावकाश चालत विजयमालाच्या बरोबरीला आल्या.

"मंग?" त्या म्हणाल्या. "शाळंचं काय म्हणतीस?"

विजयमाला पुढं पळणाऱ्या पोरीकडे बघत होती.

"जाऊ दे जूनला," ती म्हणाली. "पण त्या शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर कोण आहे, गाडी कशी चालवतो, ते मी आधी जाऊन बघणार."

"बघ की," बायनाबाई म्हणाल्या. "मी बी येते. त्याचं गाव, घर, समदं इचारू."