चवथीचं स्वस्त तिकीट

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. कुवेतमधल्या हवल्ली भागात, अशरफच्या विमान तिकिटांच्या दुकानात, दारातून आत आलं की उजव्या हाताला माझी जागा होती. खाली लोखंडी पाट, वर गोल तबकडी आणि तिच्यावर एक काळा काटा, एवढाच माझा संसार. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यात माझा दोष नाही. ज्या कारखान्यात मी घडलो, तिथली शिकवणच तशी होती. माणूस सांगतो ते ऐकायचं नाही, ठेवतो ते पाहायचं.

युद्ध संपून हवल्लीतली दुकानं पुन्हा उघडली, तेव्हा अशरफने मला विकत आणलं. हा अशरफ दापोलीकडचा, गोड बोलणारा. गोड बोलणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही, म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्याच्यावर डोळा ठेवून होतो. माझं काम सोपं होतं. सुट्टीवर निघालेला माणूस विमानतळावर जाण्याआधी माझ्याकडे बॅग तोलून घ्यायचा. विमानतळावर वजन जास्त भरलं, तर रांगेत सगळ्यांसमोर बॅग उघडून सामान काढावं लागे, आणि ती शोभा कुणाला नको असे. "काय नाय, नुसते कपडे हत," असं म्हणणाऱ्याच्या बॅगेतून दूध पावडरीचे डबे, खजूर, साबणाच्या वड्या आणि एखादी इस्त्री निघताना मी किती वेळा पाहिलं आहे! "विमानतळाचा काटा चुकेल, अशरफचा नाही," असं लोक म्हणत. त्या कौतुकाचाही मला संशयच यायचा. काट्याची स्तुती माणूस उगाच करत नाही. त्याला एखादा किलो कमी दाखवून हवा असतो.

माझी सगळ्यात ठरलेली गिऱ्हाइकं म्हणजे बनेद अल-गार भागातल्या एका खोलीत राहणारे मालवणकडचे कामगार. कुणी सुतार, कुणी प्लंबर, कुणी एसी दुरुस्त करणारा. तेव्हा आपल्याकडे सरळ जाणारी एकच विमान कंपनी होती. तिच्या विमानांच्या शेपट्या हिरव्या, म्हणून सगळे तिला हिरवी म्हणत. दुसरं कुणीच नसल्यामुळे ती मागेल ते भाडं द्यावं लागे. म्हणून खोलीने पाळी लावली होती. दर गणेश चतुर्थीला, म्हणजे त्यांच्या चवथीला, एकाने गावी जायचं आणि सगळ्यांची पार्सलं घेऊन जायची. हिरवी वजन मात्र भरपूर नेऊ देई, त्यामुळे एक माणूस गेला तरी सगळ्या घरांत काहीतरी पोचत असे.

त्यांच्यात तुकाराम नावाचा सुतार होता. आपली पाळी त्याने दोनदा दुसऱ्यांना दिली. एकाचा बाप वारला होता, एकाचं घर पावसात पडलं होतं. इतका भला माणूस पाहून मला वाटायचं, ह्याच्या मनात नक्की काहीतरी असणार. पुढे कळलं ते वेगळंच. त्याची आई ठकूबाई गावी एकटी होती आणि तिला काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फोनवर ती एवढंच म्हणायची, "माका दिसता तवसर ये."

आणि नेमकी त्या वर्षी पाळी होती अक्षयची. अक्षय प्लंबर, नुकतंच लग्न झालेला. बायको तेजस्वी गावी, आणि हा येताजाता तिचा फोटो पाहणारा.

त्याच सुमाराला नवी विमान कंपनी आली. हिच्या शेपट्या पिवळ्याधमक. भाडं इतकं कमी, की लोक आकडा दोनदा विचारून घेत. "भाऊ, बसच्या भाड्यात विमान! उद्या नाही मिळणार," असं अशरफ प्रत्येकाला सांगायचा. बनेद अल-गारची अख्खी खोली नाचत आली. ह्या वर्षी पाळी नाही, सगळेच चवथीला घरी! सगळ्यांनी महिनोनमहिने आधी पैसे भरले. तुकारामने तर तिकीट घडी घालून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

मला काही ते पचलं नाही. मित्रांनो, तोलणाऱ्याला एक गोष्ट कळते. एक बाजू हलकी झाली की भार कुठेतरी दुसरीकडे गेलेला असतो.

मग हिरवीनेही भाडं पाडलं. त्या आठवड्यात तिचा विजय नावाचा अधिकारी दुकानात आला. मूळचा मुंबईचा, चकचकीत बूट. एक पाय माझ्या पाटावर ठेवून तो अशरफला म्हणाला, "अशरफभाई, आम्ही सध्या तोट्यातच विकतोय. पण आमच्यामागे पैसा आहे. त्या पिवळीवाल्यांची विमानं भाड्याची, आणि पुढच्या तिकिटांच्या पैशांवर ते आजचं इंधन भरतात. एक सीझन कळ काढा. मग रेट आम्ही म्हणू तो."

ह्याची टोपी त्याला, त्याची टोपी ह्याला! मी ऐकलं, पण मला फक्त वजन सांगता येतं. अशरफनेही ऐकलं. तरी तो पिवळीची तिकिटं विकत राहिला, कारण कमिशन चांगलं होतं.

चवथ तोंडावर आली आणि पिवळी बंद पडली. एका सकाळी तिची विमानं उडालीच नाहीत. कार्यालयाला कुलूप लागलं, पैसे बुडाले. त्याच दिवशी हिरवीने भाडं पूर्वीपेक्षाही वर नेलं आणि फुकट नेता येणारं वजन निम्म्यावर आणलं. अशरफचं दुकानही बंद होतं. मला वाटलं, हा गोड्या पळाला.

पण अशरफ आला, दुकान उघडलं आणि सगळ्यांना बोलावून घेतलं. मान खाली घालून तो बनेद अल-गारच्या खोलीतल्या माणसांना म्हणाला, "माझं कमिशन घ्या. मला सगळं कळत होतं." त्यात सगळ्यांनी भर घातली. हिरवीचं एकच तिकीट निघालं.

पाळी अक्षयची होती. त्याने आपली बॅग माझ्यावर ठेवली. तुकाराम भिंतीला टेकून उभा होता. मी मनात म्हटलं, बघा आता, माणसं कशी असतात ती. अक्षयने आधी माझ्या काट्याकडे पाहिलं, नंतर तुकारामकडे. मग त्याने बॅग उचलून खाली ठेवली.

"तुकाराम, तू जा," तो म्हणाला. "माझ्या बायलेचे डोळे धड आसत. ती आणखी एक चवथ वाट बघतली. तुज्या आवशीचे डोळे थांबूचे नाय."

तुकाराम लहान मुलासारखा रडला. मीही हललो असतो, पण मला हलायची परवानगी नाही.

मग पार्सलं आली, सवयीप्रमाणे सगळ्यांची. वजन जास्त भरलं. तुकारामने बॅग उघडली आणि आईसाठी घेतलेलं ब्लँकेट, साबण, खजूर, सगळं स्वतःचंच बाहेर काढलं. "अरे, तुजा काय तरी ठेव!" अक्षय ओरडला. तुकाराम म्हणाला, "माज्या आवशीक मी होयो, साबण नको." काटा बरोबर जागेवर आला.

सुट्टी संपवून तुकाराम परत आला, तेव्हा आधी दुकानात आला. अक्षय तिथेच होता.

"आवशीन वळाखल्यान?" अक्षयने विचारलं.

"वळाखल्यान. तोंडार हात फिरवल्यान आणि म्हणाली, बारीक झालंस रे."

"खरा?"

"माका काय म्हायत? मी खय वजन करतंय!" असं म्हणून तुकाराम चपला काढून माझ्यावर उभा राहिला. इतक्या वर्षांत कुणी मला स्वतःचं वजन विचारलं नव्हतं. चांगल्या उंचापुऱ्या सुताराचं वजन एखाद्या शाळकरी पोराएवढं भरलं. दर वर्षी दुसऱ्यांच्या बॅगा भरता भरता हा माणूस वाळत गेला, आणि मी फक्त त्याच्या भलेपणावर संशय घेत बसलो.

आता दुकानात आकडे उजळणारा नवा काटा आला आहे. मी मागच्या खोलीत, अंगावर खोकी घेऊन उभा आहे. तक्रार नाही. स्वस्त तिकिटाचा संशय मला अजूनही येतो आणि तुम्हालाही यावा. पण मित्रांनो, तुमच्या घरी परदेशातून कुणी आलं, तर बॅगेवर झडप घालू नका. आधी त्या माणसाकडे नीट बघा. अर्ध्या नजरेच्या ठकूबाईला जे दिसलं, ते तुम्हाला दिसायलाच हवं.